सहलीलाही सावड हवी

बारामती-इंदापूरच्या बागाईतदाराला परदेशाचं नवल राहिलेलं नाही. ठिबक बघायला इस्राएल, हरितगृहं बघायला हॉलंड, असं इथली मंडळी पूर्वीपासून जात आली. राज्य सरकारच्या अभ्यासदौऱ्याच्या योजनेत अनेक वर्षं निम्मा खर्च, जास्तीत जास्त १ लाख रुपयांपर्यंत, मिळत असे. या दौऱ्यांचं मोल मी कमी मानत नाही. पण चार मित्रांनी नुसतं हिंडायला, निवांत बसायला जायचं म्हटलं की गावात अजून विचारतात, 'कशाला?' नोकरदाराच्या रजेबद्दल हा प्रश्न कुणी विचारत नाही. शेतकऱ्याने आराम करायचा तर त्याला कशाचा तरी अभ्यास जोडावा लागतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याची गोष्ट वेगळी. पण ज्याच्याकडे आहे तोही गोठ्यापाशी अडतो. कारखान्यांचं गाळप मार्च-एप्रिलमध्ये आटोपतं. हॉलंडमधली केउकेनहॉफची ट्युलिपची बाग उघडी असते तीही साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच. वेळ जुळते खरी. पण तेव्हाच इकडे खोडव्याची कामं, उन्हाळी आवर्तनाची वाट पाहणं, आणि दोन वेळची धार तर रोजचीच.

ओळखीतले इंदापूरकडचे एक गृहस्थ मे महिन्यात मित्रांबरोबर स्वित्झर्लंडला गेले. ल्युसर्नला रात्री दीड वाजता त्यांना जाग यायची, कारण गावाकडे पहाटेचे पाच वाजलेले असत. अंथरुणातूनच मोबाईल स्टार्टरवर विहिरीची मोटार चालू करायची, मग घरी फोन: "काळी गाभण आहे, तिला वेगळी बांधा." दिवसा तळ्यातल्या बोटीत त्यांचा डोळा लागे. शेवटी मित्रांनी फोनच काढून घेतला आणि गावी राहिलेल्या दोस्ताला सांगितलं, "आजपासून ह्यांचा गोठा तुझा." त्यानंतर ते तळ्याकाठच्या बाकावर दुपारभर बसले. समोर डोंगरावर बर्फ होता, आणि पहिल्यांदाच त्यांनी एकरी किती, लिटरला किती, असं काही विचारलं नाही.

आल्प्सपेक्षा गावी राहिलेला तो दोस्त मला मोठा वाटतो. पेरणीला, मळणीला एकमेकांच्या रानात राबायची सावड आपल्याकडे होतीच. तुकोबांची पालखी काटेवाडीला मेंढ्यांचं आणि बेलवाडीला घोड्यांचं रिंगण करून इंदापुराकडे जाते. तिच्यामागे घरातलं कुणी पंढरीला निघालं, की भावकी त्याचं रान बघते. देवासाठी जे आपण इतक्या सहज करतो, ते थकल्या माणसाच्या विसाव्यासाठीही करावं. निम्म्यांनी जावं, निम्म्यांनी मागे राहून त्यांची गुरं आणि पाण्याच्या पाळ्या सांभाळाव्यात. पुढच्या वर्षी उलट.

यात बाईचा विचार आधी हवा. पुण्या-मुंबईच्या बायका मैत्रिणींबरोबर परदेशी जाऊ लागल्या; सहल कंपन्या खास त्यांच्यासाठी सहली काढतात. आमच्याकडे मात्र बहुतेक घरांत धार तीच काढते, शेणघाण तीच करते, आणि नवरा दौऱ्यावर गेला की त्याचंही काम तिच्याच अंगावर पडतं. ती गेली तर धार कोण काढणार, याचं उत्तर तिने का शोधावं? ते नवऱ्याने शोधायचं आहे.

यंदा पाडव्याला मित्रांत परदेशच्या सहलीची भिशी लावणार असाल, तर पैशाच्या वहीशेजारी धारेच्या पाळ्यांचीही वही घाला, आणि पहिल्या वर्षी बायकांना जाऊ द्या.