हवेतले हृदय खरे किती?

होलोलेन्ससारख्या चष्म्यातून समोर तरंगणारे हृदय वैद्यकाच्या विद्यार्थ्याला भुरळ घालते; पण ते चित्र चांगले, हे ठरवायचे कशावरून? न्यायदर्शनात ज्ञानाची कसोटी कृतीच्या यशात आहे: पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, म्हणून ते ज्ञान प्रमाण. इथेही तोच निकष लावावा. हा चष्मा खोलीतल्या उजेडात स्वतःच्या प्रकाशाची भर घालतो, त्यामुळे खरा काळा रंग त्याला दाखवताच येत नाही आणि झडपेमागची सावली पारदर्शक होते. हृदय हातभर अंतरावर भासले, तरी डोळ्यातल्या भिंगाला सुमारे २ मीटरवर जुळवून घ्यावे लागते. ‘किती खरे वाटले?’ असे विचारून गुण दिले, की हे दोष झाकले जातात. सुईची जागा ठरवताना मात्र तेच नडतात.

यावर आक्षेप असा, की यश चित्राचे नसून नशिबाचेही असू शकेल. बाराव्या शतकात तत्त्वज्ञ श्रीहर्षाने हाच पेच टाकला होता: मिटलेल्या मुठीत पाच कवड्या आहेत, हा नुसता अंदाज बरोबर आला, तर त्याला ज्ञान म्हणायचे का? आक्षेप रास्त आहे, पण त्याने निकष मोडत नाही, कडक होतो. कोन बदलून, उजेड बदलून, जन्मजात छिद्र असलेले हृदय दाखवूनही विद्यार्थ्याचे बोट नेमक्या जागी गेले, तरच ते यश चित्राच्या खात्यावर मांडावे.