दोषी कोण?

नदीच्या दोन्ही तीरांवर काळवंडलेले दगडी बुरूज उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये पूल नाही. जर्मनीत बॉन शहराच्या दक्षिणेस, ऱ्हाईन नदीकाठच्या रेमागेन या गावी आम्ही गेलो, तेव्हा प्रथम हीच उणीव डोळ्यांत भरली. बुरूज दिसताच नजर आपोआप पलीकडच्या तीराकडे धावते आणि मध्येच पाण्यावर अडखळते. खालून मालवाहू नौका संथपणे जात असतात.

हा रेल्वेपूल युद्धासाठीच जन्माला आला होता. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर सैन्य व रसद पोहोचावी म्हणून १९१६ साली त्याचे काम सुरू झाले आणि लुडेनडॉर्फ या सेनानीचे नाव त्याला देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मागे हटणारे जर्मन सैन्य ऱ्हाईनवरील पूल एकामागून एक उडवीत होते. ७ मार्च १९४५ रोजी अमेरिकन तुकडी रेमागेनपाशी आली, तेव्हा हा पूल मात्र अजून उभा होता.

तो उडविण्याची सिद्धता झालेली होती. परंतु मागितली होती त्याच्या निम्मीच स्फोटके मिळाली होती आणि तीही लष्करी नव्हे, तर कमी ताकदीची, खाणकामासारख्या कामांत वापरली जाणारी. विजेची कळ फिरविली, पण काहीच घडले नाही. मग एक सैनिक गोळीबारातून धावत गेला आणि हाताने वात पेटवून आला. स्फोट झाला, पूल क्षणभर उचलला गेला आणि पुन्हा आपल्या खांबांवर येऊन बसला. संध्याकाळपर्यंत अमेरिकन सैनिक पलीकडच्या तीरावर पोहोचले होते.

इथपर्यंतची कथा अनेकांना ठाऊक असते. आम्हांस अस्वस्थ केले ते तिच्या पुढच्या भागाने. पूल हातचा गेल्याचे कळताच हिटलरने एक फिरते लष्करी न्यायालय धाडले. त्याने पाच अधिकाऱ्यांना मृत्युदंड ठोठावला. त्यांतील एक आधीच अमेरिकनांच्या कैदेत होता, म्हणून वाचला. उरलेल्या चौघांना आठवड्याभरात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांपैकी मेजर शेलर यांनी पुलाची सूत्रे हाती घेतली होती ती त्याच दिवशी, अवघ्या काही तासांपूर्वी. दोघे तर त्या घटकेस पुलावर नव्हतेच.

मग ते दोषी कशाचे? खरे उत्तर सोपे होते. स्फोटके अपुरी होती, हुकूम उशिरा येत होते, युद्ध हरल्यात जमा होते. परंतु हे उत्तर सत्तेला परवडणारे नव्हते, कारण त्याचे बोट वरच्या दिशेने जात होते. म्हणून खाली कोणाचा तरी गळा शोधावा लागला. लोकांसाठी एकाने मरावे हे सोयीचे, असा सल्ला कयफाने दिला होता. तो सल्ला प्रत्येक युगात नव्याने दिला जातो आणि दर वेळी तो शहाणपणाचाच वाटतो.

येथे कोणी विचारील की, कर्तव्यात कसूर झाली तर जाब विचारूच नये काय? अवश्य विचारावा. परंतु जाब विचारणे आणि बळी शोधणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाब विचारणारा म्हणतो, 'काय चुकले, आणि त्यात माझा वाटा किती?' बळी शोधणाऱ्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर नको असते आणि दुसरा प्रश्न तर सुचतच नाही. त्याला हवे असते फक्त एक नाव.

त्या न्यायाने काय साधले, हेही इतिहासाने दाखविले. अमेरिकनांनी शेजारी तरते पूल उभारले आणि जखमी पुलाची डागडुजी चालू ठेवली. १७ मार्चच्या दुपारी, म्हणजे दहाच दिवसांनी, तो आपोआप कोसळला. दुरुस्ती करणारे तीसएक सैनिक प्राणांस मुकले. चौघांचे रक्त सांडून जे सिद्ध करायचे होते, ते लोखंडानेच खोटे ठरविले. स्फोट अगदीच वाया गेलेला नव्हता. पूल त्या दिवसापासून मरतच होता. पुढे १९६७ साली जर्मन न्यायालयाने शेलर यांची शिक्षा रद्द केली. निवाडा बदलला, पण माणूस परत आला नाही.

हे वाचताना आपण हिटलरचा धिक्कार करून मोकळे होऊ, आणि तेच सर्वांत सोपे आहे. बुरुजाखाली उभे असताना आम्हांस मात्र आमच्याच धर्मग्रामातील एक सण आठवला. मिस्सा चालू असताना वाऱ्याने मंडप कोसळला होता. सुदैवाने कोणाला फारशी इजा झाली नाही. बांबू कमी घ्यायचे, हा निर्णय समितीचा होता आणि त्या समितीत आम्हीही होतो. परंतु सभेत बोल लागला तो मंडप बांधणाऱ्या गरीब गड्याला. त्याने खाली मान घालून ऐकून घेतले. आम्ही गप्प राहिलो. त्यानंतर तो देवळात पुढच्या बाकावर कधी बसला नाही. कोणी त्याला गोळी घातली नव्हती, हे खरे. पण आमचे मौन कोणत्या जातीचे होते, हे आम्हांस ऱ्हाईनकाठी कळले.

पश्चिम तीरावरील बुरुजांत आज शांतता संग्रहालय आहे. नदीतील खांब १९७६ साली काढले गेले, तेव्हा गावच्या नगराध्यक्षांनी त्यांचे दगड जपून ठेवले, त्यांचे लहान तुकडे राळेत बसवून विकले आणि त्या पैशातून १९८० साली हे संग्रहालय उघडले.

गावालगतच्या चॅपेलमध्ये मातीची एक काळीसावळी मरियामाता आहे. पूल पडल्यानंतर याच भागातील उघड्या शेतांवर जर्मन युद्धकैद्यांची छावणी पडली. डोक्यावर छप्पर नसलेल्या त्या चिखलात हजाराहून अधिक कैदी मेले. त्याच मातीतून आडोल्फ वाम्पर या कैदी शिल्पकाराने ही मूर्ती घडविली. याच हातांनी पूर्वी हिटलरच्या राजवटीसाठीही शिल्पे कोरली होती. तो निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्याची मरियामाता तेथे आहे आणि तिच्यापुढे मेणबत्त्या लावल्या जातात. दोष नाकारल्याने मनुष्य सुटत नाही. आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारल्याने तर मुळीच नाही. तो आपल्या हातात घेतला, तरच त्याला काही आकार देता येतो.

मंडप बांधणारा तो गडी अजून आमच्याच गावात राहतो. त्याचे घर देवळापासून फार दूर नाही. इतकी वर्षे आम्ही ते अंतर चाललो नाही. पुढच्या सणाआधी त्याच्या दारी जायचे, आणि जे सभेत बोलायला हवे होते ते निदान त्याच्या अंगणात बोलायचे, असे आम्ही ठरविले आहे.