पाय टेकायला जागा

२०१९ची दिवाळी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांनी पावसात काढली. अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ घोंघावत होतं आणि इकडे खाचरांत कापून ठेवलेलं भात भिजत पडलं होतं. कापलेलं भात दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचं, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचं, झोडायचं, हा नेहमीचा क्रम. त्या वर्षी ते दोन-तीन दिवस मिळालेच नाहीत. आडव्या पडलेल्या लोंब्या पाण्यात राहिल्या आणि दाण्यांना जागच्या जागी मोड आले. ज्यांनी ओले भारे उचलून पडवीत पसरले, त्यांच्या घरभर कुबट वास भरून राहिला. दाणा तर गेलाच, वर पेंढाही काळा पडला. काळ्या पेंढ्याला तबेलेवाला हात लावत नाही. नोव्हेंबरात राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली. वीस गुंठ्यांचा हिशेब केला तर ती १,६०० रुपये भरते.

पुढच्या पावसाळ्यात याच लोकांनी राब भाजलेल्या जागेत पुन्हा दाढ पेरली. याचं कौतुक सगळेच करतात. खेड्यातला माणूस मोठा चिवट, असं म्हणून विषय संपवतात. मला या कौतुकाचा राग येतो. डोळखांब-टोकावड्याच्या या पट्ट्यात चिवटपणा कधीच कमी नव्हता. कमी पडते ती पाय टेकायला जागा. फटका बसलेला माणूस किती लवकर सावरेल, हे त्याच्या मनाच्या ताकदीपेक्षा त्याच्या मागे काय शिल्लक आहे यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

‘क्यार’च्याच वर्षाचं बघा. ज्याच्या खाचरात ओल टिकली त्याने भातानंतर वाल टाकला, हरभरा टाकला. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याने भेंडी लावली आणि होळीच्या आत त्याच्या हातात चार पैसे खेळू लागले. बाकीचे मृगाची वाट पाहत राहिले. दोघांच्या जिद्दीत काडीचा फरक नव्हता, फरक पाण्याचा होता. आणि शहापूर तालुका पाण्याला मोताद नाही. इथलं तानसा धरण १८९२ सालचं. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात इथल्याच एकट्या भातसा धरणाचा वाटा जवळपास निम्मा. तरीही इथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. दुसरं पीक घेता आलं असतं, तर पहिलं बुडाल्याचा घाव इतका खोल गेला नसता.

नोकरीचंही तेच. २०२०च्या टाळेबंदीत भिवंडीच्या गोदामांतली, कारखान्यांतली कामं गेली, तेव्हा ज्यांचं गावी खाचर होतं ते लावणीला लागले. ज्यांच्या घरच्यांनी जमीन फार्महाऊससाठी विकली होती, ते त्याच बांधावर दुसऱ्याकडे मजुरी मागायला उभे राहिले.

पण सगळेच फटके पैशाचे नसतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आज्यांचं नुकसान साठ-सत्तर वर्षं जुनं होतं. लहानपणी शाळा हुकली ती हुकलीच. मग संसार, शेती, मुलंबाळं. कित्येकींचं कुंकू गेलं. शिवजयंतीच्या वेळी दुसऱ्यांना पोथी वाचताना पाहून ‘आम्हालाही वाचता आलं असतं तर’ असं त्या बोलून गेल्या, आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने ८ मार्च २०१६ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, पाठीला दप्तर, अंगावर गुलाबी नऊवारी. विधवांनाही तीच गुलाबी. गावात वयस्क विधवेने रंगीत, उठावदार लुगडं नेसावं याला केवढं धैर्य लागतं, हे ज्यांनी घरात आजी पाहिली त्यांना सांगायला नको. एकटीने ते कुणी केलं नसतं. सगळ्या जणी नेसल्या म्हणून प्रत्येकीला नेसता आलं. अक्षरांचंही तसंच. घरात एकटीने पाटी धरली असती तर ‘आता या वयात?’ एवढ्या एका वाक्याने ती खाली ठेवावी लागली असती. दुपारी घरची कामं उरकून सगळ्या एकत्र बसल्या, चुकल्या, एकमेकींना हसल्या, म्हणून हात वळला. मन खंबीर करा, असा उपदेश खचलेल्या माणसाला एकट्याला गाठून करण्याची आपली रीत आहे. फांगण्यात आधी सोबत उभी राहिली, खंबीरपणा मागून आला.

आणि ज्यांच्या मागे जमीन नाही, पाणी नाही, ते कातकरी? खैराच्या झाडापासून कात करणारी ही जमात. जंगलावर सरकारी बंधनं आली आणि तो धंदाच बसला. आषाढ-श्रावणात घरातले दाणे संपतात. त्या अडचणीच्या दिवसांत मुकादम उचल देतो, दिवाळीनंतर बिऱ्हाड वीटभट्टीवर जातं आणि पोरांची शाळा सुटते. पावसाच्या तोंडाला हिशेब होतो, तेव्हा पुष्कळदा अंगावर बाकीच निघते. वेठबिगारी कायद्याने बंद केली ती १९७६ साली. तरी कातकरी कुटुंब दर वर्षी नव्याने उभं राहतं आणि दर वर्षी उणेपासून सुरुवात करतं. यांना जिद्द शिकवायची कुणी?

आषाढ-श्रावणाच्या या दोन महिन्यांसाठी आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना होती. ती बंद पडली. करोनाच्या काळात एका वर्षापुरती अनुदान म्हणून परत आली, कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. गरज मात्र दर आषाढात येते.

मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ला स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या स्मृतीला वंदन करायला आजही माणसं गड चढतात. त्याच कोतवालांनी गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती, हे फारसं आठवलं जात नाही. पाड्यापाड्यावर आज ती कोठी हवी आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने काहींच्या हाती पट्टे आले आहेत, त्यांवर नाचणी-वरई पिकते. सुगीत जमेल तेवढ्या पायल्या कोठीत घालायच्या, सरकारने त्यात आपली भर टाकायची, आषाढ लागला की कोठी उघडायची. शहापूरला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, गावोगाव ग्रामसभा आहेत, त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची नाही. मग भट्टीवर जायचं की नाही, हे कातकरी कुटुंब पोटात दाणे असताना ठरवेल, आणि पोर दिवाळीनंतरही शाळेच्या पटावर राहील.