घेणारा हात

यंदा श्रावणात ओट्यावर पाय घसरला आणि खुबा मोडला. बारामतीत ऑपरेशन होऊन नवा सांधा बसला. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. पण डॉक्टरांनी बजावलं: मांडी घालायची नाही, जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही. म्हणजे पारायणाची बैठक गेली, साष्टांग नमस्कारही गेला.

दुखणं महिन्यात उतरलं, मन मात्र उठेना. निमगाव केतकीच्या घरी रात्रभर आढ्याकडं बघत पडायचो. सूनबाई लघवीचं भांडं घेऊन आली की तोंड भिंतीकडं करायचो. ‘दत्तानं आता न्यावं’ असं एकदा बोलूनही गेलो. मुलानं ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ‘या वयात खुबा मोडला की पुष्कळांना अशी उदासी येते. मन बसलं की पायही चालत नाही. याला औषध आहे. भक्ती कमी पडली, हे डोक्यातून काढा.’ गोळी सुरू केली, झोप लागू लागली.

लाज काही गोळीनं जाईना. बारामतीहून इंदापूरकडं जाताना तुकोबांची पालखी आमच्या गावात येते. कित्येक वर्षं मी वारकऱ्यांचे पाय चेपले. कुणी ‘नको’ म्हटलं की म्हणायचो, ‘माऊली, आमची सेवा का बुडवता?’ आणि आता सूनबाईची सेवा मीच बुडवत होतो! सेवा करणं पुण्य आणि करून घेणं लाचारी, हा कुठला न्याय? खरं सांगायचं तर पाय चेपतानाही मी मनात थोडा वरच बसलेला असायचो. त्याची चटक लागली होती.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं चोवीस गुरू सांगितले, त्यांत अजगर आहे. पडून राहतो, येईल ते घेतो. हा गुरू मला आजवर आळशी वाटायचा, हसू नका. आणि आपले महाराज? स्नान काशीला, निद्रा माहूरला, पण भिक्षेला कोल्हापूर. त्रैलोक्याचा धनी रोज कुणाच्या तरी दारात झोळी पसरतो. मग माझाच हात का आखडावा?

अजूनही कुणी पायात चपला घालून देताना अवघडतो, खोटं कशाला बोलू. पण परवा म्हटलं, ‘सूनबाई, दमलीस गं.’ ती म्हणाली, ‘मामा, किती दिवसांनी माझ्याकडं बघून बोललात.’

यंदा जयंतीला मी मंडपाच्या कडेला खुर्चीत असेन. पाळणा झाला की सुंठवडा तेवढा कुणीतरी हातावर आणून द्या.