बोट कोणाचे?

मोबाइलच्या पडद्याला बोट कुठे टेकले ते अचूक कळते. ते कोणाचे, हे कळत नाही. एका हाताची दोन बोटे आणि दोन माणसांचे एकेक बोट यांत त्याच्या लेखी काहीच फरक नाही. खिशातल्या वस्तूचे त्यावाचून अडत नाही. पण तसेच मोठे पडदे वर्गात फळ्याच्या जागी लागतात आणि मुले घोळक्याने पुढे येतात, तेव्हा ही उणीव शिकण्याच्या आड येते. जो पुढे घुसतो त्याचाच हात चालतो.

ही उणीव दूर करणारे तंत्र जुने आहे. अमेरिकेतील केंब्रिज येथे, मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल डिट्झ आणि डॅरेन ली यांनी २००१ मध्ये ‘डायमंडटच’ हे टेबल मांडले. त्याच्या पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या अँटेनांचे जाळे होते. प्रत्येक अँटेना आपला वेगळा, अगदी क्षीण संदेश सोडत असे आणि रिसीव्हर बसणाऱ्याच्या खुर्चीत असे. बोट टेकले की त्या जागेचा संदेश माणसाच्या शरीरातून खुर्चीपर्यंत पोचायचा. ज्या खुर्चीत तो पोचला, बोट तिथे बसलेल्याचे. टेबलावर कप ठेवला तरी गोंधळ होत नसे, कारण कपाचा कोणत्याच खुर्चीशी संबंध नाही. मर्यादाही होती. एकाच माणसाने दोन बोटे टेकवली तर कोणती आडवी ओळ कोणत्या उभ्या ओळीशी जोडायची, हे नक्की ठरत नसे. तरीही स्पर्शतंत्राच्या साऱ्या इतिहासात मला हीच रचना सर्वांत सुंदर वाटते. इथे माणूस यंत्रासमोर बसत नाही, तो सर्किटचाच भाग होतो.

पुढे लोकप्रियता मिळाली ती दुसऱ्या वाटेला. न्यूयॉर्क विद्यापीठातील जेफ हान यांनी २००५ मध्ये स्वस्त पडदा दाखवला. ॲक्रिलिकच्या कडेतून इन्फ्रारेड प्रकाश आत सोडला की पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे तो आतच कोंडून राहतो. बोट टेकते तिथून बाहेर सांडतो आणि मागचा कॅमेरा तो ठिपका टिपतो. दहावीच्या विज्ञानात येणारा हा नियम. अनेक देशांतल्या हौशी विद्यार्थ्यांनी वेबकॅम उघडून असे पडदे घरी बनवले. पण ठिपक्यावरून बोटाचा धनी कळत नाही. २००७ मध्ये आयफोन आला आणि स्पर्श ही एकट्याने करायची गोष्ट झाली.

त्याच वर्षी भारतातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील उदयसिंग पवार, जॉयोजीत पाल आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण शाळांतल्या २३८ मुलांना संगणकावर इंग्रजी शब्द शिकायला बसवले, काहींना एकेकटे, तर काहींना गटागटाने एकाच संगणकावर. काही गटांत प्रत्येकाला स्वतःचा माऊस दिला होता. अशा गटांतली मुले एकूणात संगणक एकट्याने वापरणाऱ्यांच्या बरोबरीने शब्द शिकली. स्पर्धेची आणि सहमतीची अशा दोन्ही रचना तपासल्या, तेव्हा मुलग्यांना सहमतीची रचना अधिक मानवली. यंत्र तेच, मुलेही तशीच. निकाल बदलला तो रचनेच्या नियमाने.

आपल्या शाळांतल्या प्रयोगशाळांकडे मी या नजरेने पाहते. २०१६ पासून देशात सुमारे दहा हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या, प्रत्येकीला वीस लाखांपर्यंत निधी. हे काम मोठे आहे आणि ते व्हायलाच हवे होते. पण रेषेवरून धावणारी गाडी, हात पुढे केला की उघडणारी कचरापेटी, या ठरावीक प्रकल्पांत दुसऱ्या माणसाचा विचारच करावा लागत नाही. किटमधली वायर सांगितल्या जागी खोचली की काम झाले.

त्याऐवजी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, दहा लाख ओहमचा रेझिस्टर आणि आर्डुइनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घ्यावा. फॉइल भारित व्हायला लागणारा वेळ मोजला की बोटाचा स्पर्श कळतो. हे एका तासात जमते, आणि खरे शिकणे त्यानंतर सुरू होते. लॅपटॉपचा चार्जर काढला की आकडे बदलतात. का? मुलाने पाय जमिनीवरून उचलला तरी बदलतात. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट शरीरातून आत शिरतो, तो गाळायचा कसा? मग डायमंडटचप्रमाणे रचना उलटी करावी: टेबलावरच्या फॉइलच्या पट्ट्यांतून आळीपाळीने संदेश सोडायचा आणि बैठकीखालच्या फॉइलवर साध्या अँप्लिफायरने तो पकडायचा. सगळे बॅटरीवर चालवावे, म्हणजे मुलांच्या शरीराचा मेनच्या विजेशी संबंध येणार नाही. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग सहज मिळतात.

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद मुळात एकांताचा, असे कोणी म्हणेल. सोल्डरिंग करताना तो एकांत लागतो, आणि रात्रभर एका सर्किटशी झुंजणाऱ्या मुलीला तो मिळायलाच हवा. पण एकांतात घडलेली वस्तू एकट्यासाठीच असायला हवी, असे नाही. चौघांसाठी बनवलेल्या अशा टेबलाला वायरिंगने न सुटणारा एक प्रश्न असतो: दोघांनी एकच चित्र एकाच क्षणी ओढले तर ते कोणाकडे जावे? आधी स्पर्श करणाऱ्याकडे? ज्याला बराच वेळ संधी मिळाली नाही त्याच्याकडे? की दोघांचे एकमत होईपर्यंत जागीच राहावे? प्रोग्राममध्ये यांपैकी काहीतरी लिहावेच लागते. नाही लिहिले, तर जलद हाताचा नियम आपोआप लागू होतो. आठवीच्या मुलामुलींना तो नियम स्वतः लिहू द्यावा, त्यावर भांडू द्यावे आणि पहिल्या नियमात कोणाचा हात मागे राहिला ते पाहून दुसरा लिहायला सांगावा.