चित्रकलेच्या तासाला टॅबलेट

कोपरी, ठाणे (पूर्व)

चि. भाचीबाई,


तुझ्या शाळेत चित्रकलेच्या वर्गासाठी टॅबलेट आले आणि त्यांचं काय करायचं, असं तू विचारलंस. "मामा, तुम्हाला हे पटणार नाही," असंही वर लिहिलंस. पटलंय गं. ते मुलांच्या हातात कधी द्यायचे, एवढीच मला काळजी आहे.

तू 'बाजाराचे दृश्य' असा विषय दिलास, की पोरं गूगलवर शोधणार आणि पहिलं दिसेल ते उतरवून काढणार. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर ठेवलाय तो मूल काय पाहून आलंय ते कळावं म्हणून. आमच्या बाजारात मासे विकणाऱ्या मावशी बसतात. मुलं त्यांच्या हातात सुरी काढतात, कारण तयार चित्रांत तशीच असते. खरं तर विळीची पाटी पायाखाली दाबलेली असते, पातं उभं असतं आणि मासा दोन्ही हातांनी धरून त्यावर ओढला जातो. त्या दाबलेल्या पायामुळे सगळं अंग किंचित कलतं. तो कल सापडला की मावशी कागदावर बसते! म्हणून आधी मुलांना बाजारात नुसतं पाहायला ने. वर्गात आल्यावर आठवणीतून काढू दे. त्यानंतर, मावशींना विचारून काढलेला फोटो टॅबलेटवर मोठा करून दाखव. काय निसटलं ते मूल स्वतःच बोट ठेवून सांगेल. तोच फोटो आधी दाखवलास, तर पाहणं तिथंच थांबतं.

यंत्राचं भय आपल्याला वाटायचं कारण नाही. दादासाहेब फाळके १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले ते चित्रकला शिकायला. पुढे सिनेमासाठी भांडवल हवं होतं तेव्हा, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' ही ती मिनिटभराची फिल्म. ती पाहून पैसे द्यायला माणसं तयार झाली आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. डोळ्यांना न दिसणारी हालचाल त्यांनी यंत्राकडून दाखवून घेतली. कलावंतानं यंत्राकडे मागावं ते हेच, असं माझं ठाम मत आहे.

तुझ्या वर्गाला हे सहज जमेल. खिडकीशी कुंडी ठेव, टॅबलेट रोज एकाच जागी उभा राहावा म्हणून बाकावर खडूनं खूण कर, आणि रोज त्याच वेळी एक फोटो. मात्र फोटोआधी त्या दिवसाचं रोप प्रत्येकानं पेन्सिलीनं वहीत काढायचं. देठ कुठल्या बाजूला वळला, पान उघडलं का, हे वहीवाल्याला फोटोवाल्याच्या आधी कळतं. शेवटी सगळे फोटो जोडून चालव. एका सेकंदाला बारा या वेगानं तीस फोटो अडीच सेकंदांत संपतात. मुलं पुन्हा पुन्हा लावायला सांगतील.

रंगवायला क्रिता हे ॲप फुकट मिळतं. त्यात चित्र काढतानाची नोंद ठेवता येते. तेवढी सोय जरूर वापर. रेषा किती वेळा खोडली, कुठे हात अडला, हे मुलाला आपलं आपणच पाहता येतं. कागद हे दाखवू शकत नाही. बाकी तयार ब्रश, तयार पानंफुलं यांना पहिलं वर्षभर हात लावू देऊ नकोस.

अक्षरलेखनाच्या तासाला र. कृ. जोशींचं नाव सांग. आयुष्यभर हातानं अक्षरं घडवणारा हा सुलेखनकार. पवईच्या आयआयटीत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. पडद्यावरच्या त्या अक्षरांमागे बोरूचे तिरके फटकारे जाणणारा हात होता. मुलांना आधी बोरूनं 'अ' काढू दे, मग तोच 'अ' स्क्रीनवर.

मुख्याध्यापकांना लगेच काहीतरी चकचकीत दाखवायला हवं असेल, तर महिनाभर थांबायला सांग आणि अंकुराची फिल्म दाखव. टॅबलेटचे खोके उघडायच्या आदल्या रात्री वाटाणे भिजत घाल.

तुझा,
मामा