विश्रांती कोणाची?



लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली की आपल्याकडे चर्चमध्ये आभाराची मिस्सा, घरी जपमाळ आणि दारात मांडव घालून जेवण असा बेत असे. आजही असतो. पण अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक बेत कानावर येतो : क्रूझची सफर. २०२१ साली कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या दिशेने जाऊ लागल्यापासून त्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज उरलेली नाही.

यावर घरात दोन मते पडतात. मुले म्हणतात, ‘आयुष्यभर राबलात, आता मजा करा.’ आजी म्हणते, ‘एवढे पैसे खाण्यापिण्यात आणि नाचगाण्यात घालवायचे, हे ख्रिस्ती माणसाला शोभते का?’ दोघांचेही बोलणे प्रेमाचेच आहे. पण दोघांच्याही बोलण्यातून एक प्रश्न निसटतो.

आधी आजीची शंका घेऊ. करमणूक म्हणजे पापाची पहिली पायरी, असे पुष्कळांना वाटते. तेराव्या शतकातील थोर विचारवंत संत थॉमस अक्वायनस यांना तसे वाटत नव्हते. शरीर थकते तसे मनही थकते आणि मनाचा थकवा आनंदानेच उतरतो, असे ते शिकवतात. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली आहे. प्रेषित संत योहान शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही जणांना ते रुचले नाही. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि असे सतत करता येईल का, म्हणून विचारले. धनुष्य मोडेल, असे त्याने सांगितले. सतत ताणलेल्या मनाचेही तसेच होते, एवढेच योहान म्हणाले. इतकेच नव्हे, तर जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदात विरजण घालतो, तोही चुकतो, असे अक्वायनस म्हणतात. तेव्हा पंचवीस वर्षे संसार ओढलेल्या जोडप्याने चार दिवस समुद्रावर काढले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण अक्वायनस प्रमाणही सांगतात. करमणूक जेवणातल्या मिठासारखी असावी. मिठाशिवाय जेवण बेचव, पण नुसते मीठ कोणी खात नाही.

आता मुलांच्या ‘मजा करा’कडे वळू. मोठ्या जहाजावरचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांची यादी आदल्या रात्रीच केबिनमध्ये येते. कुठे ती आता मोबाईलवर येते. सकाळी योगासने, मग भरगच्च बुफे, तरणतलाव, दुपारी बिंगो, संध्याकाळी नाचाचे धडे, रात्री नाट्यगृहात खेळ, त्यानंतर डीजे. जहाज खुल्या समुद्रात गेले की कसिनोही उघडतो. एकमेकांशी निवांत बोलायला कधी सवड मिळाली नाही म्हणून निघालेले पती-पत्नी या यादीमागे धावत राहिले, तर त्यांची निवांत भेट होणार कधी? सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्काल यांनी हेच ओळखले होते. माणसाला स्वतःबरोबर शांत बसता येत नाही, म्हणून तो सतत कशात तरी मन गुंतवतो, असे त्यांचे निदान होते. करमणूक थकवा घालवते, तशी ती स्वतःपासून पळून जाण्याची वाटही होऊ शकते. डेकच्या कठड्याशी दोघांनी अर्धा तास न बोलता समुद्राकडे पाहावे. त्याचे वेगळे तिकीट लागत नाही, पण सफरीचे खरे मोल कदाचित त्यातच असेल.

आता तो निसटलेला प्रश्न. आपण विश्रांती घेतो, तेव्हा राबतो कोण?

पवित्र शास्त्रात विश्रांतीची आज्ञा दोनदा येते. निर्गमाच्या पुस्तकात तिचे कारण परमेश्वराने सातव्या दिवशी घेतलेली विश्रांती हे आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र दुसरे कारण दिले आहे. मालकाप्रमाणेच त्याच्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा, म्हणून हा दिवस पाळायचा. आपणही मिसर देशात दास होतो, याची इस्राएलला तेथे आठवण करून दिली आहे. म्हणजे देवाने दिलेली विश्रांती एकट्याची नाही. दासाला राबते ठेवून मालकाने घेतलेला आराम हा शब्बाथ नव्हे.

या आज्ञेच्या प्रकाशात पुन्हा जहाजाकडे पाहू. २०२४ साली निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या वीस मजली जहाजावर एका केबिनमध्ये दोन या हिशेबाने ५६१० प्रवासी मावतात आणि त्यांच्यासाठी सुमारे २३५० कर्मचारी असतात. दर दोन-अडीच प्रवाशांमागे एक माणूस. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ साली लागू झाला. त्यात खलाशांसाठी चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती सांगितली आहे. ते १० तासही दोन तुकड्यांत देता येतात. अनेकांचे करार सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात पूर्ण सुट्टीचा दिवस बहुधा मिळत नाही.

हे कर्मचारी आपल्याला परके नाहीत. गोव्यातील आणि मुंबईतील किती तरी ख्रिस्ती घरांच्या चुली जहाजावरच्या पगारावर पेटल्या आहेत. धोबीतलावच्या कुडींमध्ये जहाजाची वाट पाहणारे गोव्याचे खलाशी संध्याकाळी वेदीपुढे जपमाळ करत, हे जुन्या लोकांना आठवत असेल. २०२० साली कोविडच्या साथीत बहुतेक प्रवासी घरी पोहोचले, पण हजारो कर्मचारी जहाजांवरच अडकून पडले, तेव्हा अशा घरांतील आयांनी काय सोसले, हेही आपण विसरू नये.

म्हणून सफरीला जाऊच नये का? तसे नाही. प्रवासी गेलेच नाहीत तर ती चूलही पेटणार नाही. सेवा करणे कमीपणाचे नाही; प्रभूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्ववेत्ते इमॅन्युएल कान्ट सांगतात की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वागवू नये. ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वेटरकडून पाणी मागण्यात काही वाईट नाही. तो म्हणजे पाणी आणणारा हात, एवढेच मानणे वाईट. त्याच्या छातीवर नावाची पट्टी असते. ती वाचावी, त्याला नावाने हाक मारावी, घरी कोण कोण आहे ते विचारावे. पैसे दिले आहेत म्हणून त्याच्यावर ओरडण्याचा हक्क कोणी विकत घेतलेला नसतो.

आपल्यापैकी बहुतेक जण अशा जहाजावर कधी चढणारही नाहीत. पण हा प्रश्न आपल्या घरातही आहे. रविवारी मिस्सेहून आल्यावर वडील टीव्हीपुढे बसतात, मुले खेळायला जातात आणि आई पदर खोचून स्वयंपाकघरात शिरते. दुपारी सगळे झोपतात तेव्हा ती भांडी घासत असते. त्या घरात रविवार कोणाचा झाला? घरकामाला येणाऱ्या बाईची सुट्टी धरताना आपला हात का आखडतो?

जुलैच्या दुसऱ्या रविवारी ख्रिस्तसभा ‘समुद्र रविवार’ पाळते आणि खलाशांसाठी प्रार्थना करते. १९२० साली ग्लासगो शहरात सुरू झालेले आणि आता ‘स्टेला मारिस’ या नावाने ओळखले जाणारे सेवाकार्य बंदराबंदरांतून त्यांची विचारपूस करते. जहाजावर धर्मगुरू असला, तर कर्मचाऱ्यांसाठी मिस्सा पुष्कळदा रात्री उशिरा होते, कारण प्रवाशांचा दिवस संपल्याशिवाय त्यांना सवड नसते. थकलेल्या पायांनी ते त्या मिस्सेला उभे राहतात. त्यांची आठवण आपल्या कुटुंबाच्या जपमाळेत असू द्या. आणि या रविवारी दुपारची भांडी आईने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी घासावीत.

आपला,
धर्मगुरू